मामांची पत्ती

मैत्रिणींनो, गॅस बंद करायचा असेल तर आपण काय करतो? बटण फिरवतो, गॅस यायचा थांबतो, ज्योत विझते. दिवा घालवायचा तर खटका ओढतो, वीज यायची थांबते, दिवा जातो. बंद करणे म्हणजे येणारी वाट तोडणे, हे आपल्या हाताच्या इतके अंगवळणी पडलेले असते की याहून वेगळे काही असेल असे मनातसुद्धा येत नाही. माझ्याही आले नव्हते. ते शिकवले आमच्या घरातल्या एका जुन्या स्कूटरने, आणि तेही भर बाजारात, मागे आत्याबाई बसलेल्या असताना!

आम्ही करकंबचे. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघालात की वाटेत आमचे गाव लागते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मामा म्हणजे सासरे. मामा शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की शेतकरी. उजनीचे धरण 1980 साली झाले. त्याआधी आमच्याकडे विहीर आणि तिच्यावरचे इंजिन हाच शेताचा आधार. मामांची स्कूटर पुढची. त्या काळी स्कूटर म्हणजे काय अप्रूप, हे तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या बायकांना सांगायला नको. पुण्याच्या कंपन्यांच्या चेतक आणि लूना 1972 साली आल्या. पण चेतकसारखी स्कूटर हवी तर दुकानात जायचे आणि घेऊन यायचे, असे नव्हतेच. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट बघत बसायचे. आमची स्कूटर कोणत्या कंपनीची ते मी सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष तिचा नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर वाचा अडखळली. समजते सगळे, पण हवा तो शब्द ओठांवर येत नाही. येतो तो अर्धा, नाही तर भलताच. पहिले काही महिने आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. मग हळूहळू, खरे सांगते, आम्ही ऐकायचे सोडून दिले. मामांनी तोंड उघडले की आम्हीच घाईघाईने वाक्य पुरे करायचो, “पाणी पाहिजे का? पंखा लावू का?” आणि मोकळे व्हायचो.

त्यांच्या पंच्याहत्तरीला काय करावे, असा विषय निघाला तेव्हा यांच्या मनात आले की गोठ्याच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली मामांची स्कूटर सुरू करून दाखवावी. इंजिनाचे काम एका मिस्त्रीने छान करून दिले. वायरिंग मात्र उंदरांनी कुरतडून टाकले होते. ते करायला दुसऱ्याच एका माणसाला बोलावले. हाताने हुशार, पण त्याची सारी उमेद बॅटरीच्या मोटारसायकलींवर गेलेली. जुन्या स्कूटरला किल्ली नव्हती, हँडलवर नुसते बंद करायचे बटण होते. ते मोडले होते म्हणून त्याने बाजारातली मोटारसायकलची किल्ली आणून बसवली.

किल्ली ‘चालू’वर फिरवली आणि यांनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, घाम निघाला, पण इंजिन हूं की चूं करीना. त्या माणसाने थोडा वेळ डोके खाजवले, मग किल्लीला जोडलेली एक वायर उपटून बाजूला केली. पुढच्याच किकला स्कूटर फडफडत सुरू झाली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“आणि बंद कशी करायची हो?” मी विचारले.

“चौथा गिअर टाका, ब्रेक दाबा, क्लच सोडा. आपोआप बंद पडतीया की वैनी. गाडी चालू झाली ना, मग झालं.”

मामा अंगणात खुर्चीवर बसून हे सारे बघत होते. ते एकाएकी अस्वस्थ झाले. डावा हात इंजिनाकडे करून म्हणू लागले, “पत्ती… पत्ती…”

आत्याबाई लगबगीने आत गेल्या आणि चहा टाकून घेऊन आल्या. मामांनी कप ढकलला. “पत्ती!” यांना वाटले, दाढी करायची आहे, ब्लेड पाहिजे. यांनी दाढीचे सामान आणले. मामांनी तेही लोटून दिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून गप्प बसले. आम्ही म्हटले, दमले असतील.

पुढे दहा दिवसांनी बाजाराचा दिवस होता. माझी बिनगिअरची गाडी दुरुस्तीला गेली होती. माहेरी मी वडिलांच्या स्कूटरवरच शिकले असल्याने गिअरचे मला भय नाही, परवानाही आहे. म्हटलं, चला आज हीच काढू. आत्याबाई मागे बसल्या, मांडीवर पिशव्या घेतल्या, आणि आम्ही निघालो.

भाजीवाल्यांच्या रांगेशी वळताना मी वेग कमी करायला मूठ मागे फिरवली, तर मूठ फिरली पण इंजिनाचा आवाज उतरेना. आतली जुनी केबल अडकली होती. उलट इंजिन जास्तच ओरडायला लागले. सवयीने माझा हात किल्लीकडे गेला. किल्ली फिरवली, काढलीसुद्धा! किल्ली माझ्या हातात आणि इंजिन आपले किंचाळतेच आहे. समोर टोमॅटोचा ढीग, त्याच्यापलीकडे एक लेकुरवाळी खाली बसून वांगी निवडत होती. तिचे मूल रांगत रस्त्यावर आलेले.

देवाची कृपा म्हणा की वडिलांची शिकवण, क्लच मी घट्ट दाबून धरला. क्लच दाबला की इंजिनाचा जोर चाकाला लागत नाही, एवढे मला ठाऊक होते. ब्रेक दाबून स्कूटर थांबवली, पण आता क्लच सोडायची सोय नव्हती. सोडला की गाडी उसळणार. आत्याबाई उतरल्या. धूर, आवाज, भोवती ही गर्दी. एकाने पेट्रोलचा कॉक बंद केला, पण कार्बोरेटरात साठलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालतच राहते. दुसऱ्या एका पोराने धीर करून उजव्या बाजूचे झाकण काढले आणि प्लगची टोपी उघड्या हाताने उपटायला गेला. त्याला असा झटका बसला की बिचारा मागच्या मेथीच्या पाट्यांवर जाऊन पडला. शेवटी मी दोन्ही ब्रेक आवळून चौथा गिअर टाकला आणि क्लच सोडला. स्कूटर एकदा हिसका देऊन गचकली आणि बंद पडली.

कुणाला काही झाले नाही. पण ते रांगते मूल दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

घरी आल्यावर हे म्हणाले, “केबल बदलून टाकू, म्हणजे झालं.” मी म्हटलं, “केबल तर बदलाच, पण किल्ली काढली तरी इंजिन चालतं कसं, हे मला आधी सांगा.” यांना सांगता येईना. “तुला काय करायचंय वायरिंगमध्ये डोकं घालून?” एवढे मात्र म्हणाले.

संध्याकाळी मामांना भरवताना मी सहज सगळी हकीकत सांगितली. “मामा, किल्ली काढली तरी बंदच होईना हो.” ते एकदम ताठ झाले. “पत्ती.” या वेळी मी घाई केली नाही. डॉक्टरीणबाईंनी झटक्यानंतर सांगितलेले मला आठवले होते की अशा माणसाला वेळ द्या, एका वेळी एकच प्रश्न विचारा, आणि तोही हो-नाही उत्तर येईल असा. म्हणून विचारले, “चहाची पत्ती?” मान नाही. “दाढीची?” नाही. “स्कूटरची?” मान अर्धी हो, अर्धी नाही. “दुसऱ्या इंजिनाची?” मामांनी जोरात मान हलवली आणि ताटातला चमचा उचलला!

मी त्यांना धरून गोठ्यात नेले. इंजिन बंदच होते. त्यांच्या खुणेप्रमाणे मी प्लगची टोपी काढली. मामांनी डाव्या हाताने चमच्याचे एक टोक प्लगच्या डोक्यावर टेकवले, दुसरे इंजिनाच्या पत्र्यावर. आणि माझ्याकडे बघितले. मला काही कळेना. पण मागून आत्याबाई ओरडल्या, “अगं बाई! विहिरीवरच्या इंजिनाची पत्ती की ती!”

मग त्यांनी उलगडा केला. विहिरीवर रॉकेलवर चालणारे लहान इंजिन होते. पेट्रोलवर सुरू करायचे आणि तापले की रॉकेलवर घ्यायचे. त्याला बटण ना किल्ली. डोक्यावर पोलादी पत्र्याची एक पट्टी होती, तीच पत्ती. ती दाबून प्लगच्या डोक्याला टेकवली की इंजिन गप्प. “मी चपलेनं दाबायची, हाताला मुंग्या यायच्या म्हणून,” आत्याबाई म्हणाल्या. “पण तुम्ही हे तेव्हा का नाही वो सांगितलं?” असे त्या मामांनाच विचारत्या झाल्या, आणि मग स्वतःच पदराने डोळे पुसू लागल्या. सांगत तर होते बिचारे. आम्हीच चहा आणून दिला.

आता मला राहवेना. पंढरपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे जाऊन बसले, मुलाकडून मोबाइलवर चित्रफिती लावून घेतल्या, आणि समजून घेतले ते तुम्हालाही सांगते. कठीण मुळीच नाही.

अशा जुन्या स्कूटरच्या इंजिनाला बॅटरीची गरज नसते. त्याच्या पोटातच एक छोटे वीजघर असते, त्याला म्हणतात मॅग्नेटो. जड, गरगर फिरणारे फ्लायव्हील, त्याच्या आतून चुंबक बसवलेले, आणि मध्ये न फिरणाऱ्या थाळीवर तांब्याच्या तारेची गुंडाळी. किक मारली की चुंबक गुंडाळीभोवती फिरतात आणि तारेत वीज तयार होते. ही वीज ‘पॉइंट’ नावाच्या दोन टेकलेल्या तुकड्यांतून इंजिनाच्या धातूत, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘बॉडी’ म्हणतात तिच्यात, उतरत असते. पिस्टन नेमक्या जागी आला की पॉइंट उघडतात आणि वाट एकदम तुटते. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइप कसा दणका देतो? तसाच दणका इथे विजेला बसतो, आणि दुसऱ्या बारीक तारेच्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब उठतो. त्याची प्लगमध्ये ठिणगी पडते.

म्हणजे बघा, ठिणगी पडते ती वाट तुटते म्हणून. मग इंजिन बंद करायचे तर काय करायचे? वाट तुटूच द्यायची नाही! पॉइंटच्या बाजूने आणखी एक तार काढून ती बटणातून बॉडीला जोडायची. बटण दाबले की वीज त्या सोप्या वाटेने निघून जाते, पॉइंट उघडले तरी तिला फरक पडत नाही, ठिणगी पडत नाही, इंजिन थांबते. विहिरीवरची पत्ती तेच करायची, फक्त थेट प्लगच्या डोक्यावर.

आमच्या वायरिंगवाल्याची चूक आता तुमच्या ध्यानात आली असेल. बॅटरीच्या गाडीत किल्ली ‘चालू’ केली की दोन तारा जुळतात आणि ‘बंद’ केली की सुटतात. मॅग्नेटोला हवे नेमके उलट: ‘बंद’ला जुळायला हव्यात, ‘चालू’ला सुटायला. त्याने मोटारसायकलची किल्ली लावल्यामुळे ‘चालू’ करताच वीज बॉडीत जात होती. म्हणून स्कूटर सुरू होईना. आणि ती वायर उपटल्यावर बंद करायची वाटच उरली नाही. यातली धोक्याची गोष्ट अशी की दिव्याची तार तुटली तर दिवा जातो, आपल्याला लगेच कळते. ही तार तुटली तर गाडी मजेत चालत राहते, आणि कळते ते थांबवायची वेळ आल्यावर.

ही भानगड काही करकंबच्या गोठ्यातलीच नव्हे. जर्मनीच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने 1897 मध्ये मोटार-वाहनाला पहिल्यांदा मॅग्नेटो बसवला, आणि 1902 मध्ये त्यांच्याच गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने प्लगला ठिणगी देणारा जोरकस मॅग्नेटो तयार केला. अमेरिकेत हौशी तरुण जुन्या फोर्ड मोटारींचे टप-पत्रे काढून, इंजिन वाढवून शर्यती लावत. तिकडे त्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात. त्यांतही पुष्कळांना मॅग्नेटो असतो, आणि अशा गाडीची बॅटरी तोडून इंजिन थांबत नाही. त्यासाठी मॅग्नेटोची स्वतंत्र तार बॉडीला जोडावीच लागते.

आणि विमानेसुद्धा! आपल्या सरला ठकराल यांनी 1936 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले. त्या विमानाच्या इंजिनाला मॅग्नेटोच असे. पंखा हाताने फिरवण्याआधी “स्विच बंद?” असे ओरडून विचारायची पद्धत त्यातूनच आलेली. एवढे करूनही वैमानिकांना शिकवतात की थांबलेल्या पंख्यालाही चालू समजूनच हात लावावा, कारण बंद करणारी तार आतून तुटली असेल तर बटण नुसते नावाला. मला ते वाचून बाजारातली माझ्या हातातली किल्ली आठवली.

मग एका रविवारी यांना स्क्रू-पाना घेऊन शेजारी बसवले आणि मी सांगेन तसे करायला लावले. किल्ली काढून टाकली. हँडलवर दाबायचे बटण बसवले. मॅग्नेटोकडून येणारी तार बटणाच्या एका बाजूला लावली. दुसरी बाजू नुसती हँडलला न जोडता वेगळी तार थेट इंजिनापर्यंत नेली, कारण गंज आणि रंग यांमुळे हँडलमधून वीज नीट उतरेलच असे नाही. जिथे ती इंजिनाला स्क्रूने आवळली तिथला रंग पॉलिश-पेपरने घासून धातू उघडा केला. हँडल जिथे वळते त्या मानेपाशी तारेला थोडी ढील दिली आणि वरून रबरी नळी चढवली. तार घासते ती तिथेच. वरचे आवरण झिजून तांबे पत्र्याला टेकले तर हँडल वळवताच गाडी बंद पडते. तुमची जुनी गाडी नेमकी एका बाजूला वळतानाच बंद पडत असेल तर आधी तिथे बघा.

मीटर लावून तपासायचे असेल तर बटणाची तार मॅग्नेटोपासून आधी सोडवा. नाही तर गुंडाळीमधूनच वाट मिळते आणि बटण सुटलेले असतानाही मीटर वाजत राहतो. सोडवलेल्या तारेचे टोक आणि इंजिन यांमध्ये मीटर धरा. बटण दाबले की वाजला पाहिजे, सोडले की गप्प. आणि एक गोष्ट कधीही करू नका, करू देऊ नका: या तारेला बॅटरीची जिवंत वायर जोडू नका. आतली गुंडाळी जळून जाईल.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे जुनी स्कूटर आहे? खरे आहे, आताच्या नव्या गाड्यांची व्यवस्था निराळी असते. पण वीज गेल्यावर दुकानात लावायचे लहान पेट्रोल जनरेटर, फवारणीचा इंजिनाचा पंप, गवत कापायचे यंत्र, यांपैकी बहुतेकांचे बंद करायचे बटण याच रीतीने चालते. म्हणून यंत्र सुरू झाले की पहिल्याच मिनिटाला एकदा बटण दाबून ते बंद होते ना, ते बघा. मग पुन्हा सुरू करून कामाला लागा. बंद झाले नाही तर पेट्रोलचा कॉक बंद करा, मुलांना लांब ठेवा आणि ते संपेपर्यंत थांबा. प्लगच्या टोपीला हात लावू नका.

आमचे काम संपले तेव्हा दिवेलागण होत आली होती. यांनी किक मारली, स्कूटर सुरू झाली. बटण दाबायला मी पुढे झाले, तर हे म्हणाले, “थांब, मामांना दाबू दे.” मामांची खुर्ची जवळ घेतली. त्यांनी डावा हात लांब करून अंगठ्याने बटण दाबले. इंजिन जागच्या जागी थांबले.

“पत्ती,” मामा म्हणाले आणि हसले.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला आहे. मामा काही बोलू लागले की त्यांचे वाक्य कुणी पुरे करायचे नाही. मी पोळी तव्यावर असेल तर गॅस बारीक करते, समोर जाऊन बसते आणि एकेक प्रश्न विचारते. वेळ लागतो. एखादी पोळी करपतेही. पण गेल्या महिन्यात त्यांनी अशाच खाणाखुणांनी मला विहिरीच्या कठड्याला गेलेली चीर दाखवली. आमच्यापैकी कुणाच्याच ती लक्षात आली नव्हती.